नवी इलेक्ट्रिक गिटार : टोनविषयी पहिली निरीक्षणे

खर्ज (धागालेखक)

बरीच वर्षे ॲकूस्टिक गिटार वाजवल्यानंतर अलीकडेच मी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली. ती फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची आहे : तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारे, एकेका वेटोळ्याचे भाग), ते निवडणारा पाच जागांचा स्विच, मेपलचा नेक (गिटारची मान), २५.५ इंचांची स्केल (मोकळ्या तारेची लांबी) आणि मागे स्प्रिंगा असलेला हलता ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग). सोबत १२ इंची स्पीकरचा एक साधा ॲम्प आहे. वाद्याला गुण देणे हा या धाग्याचा हेतू नाही. नव्या वाद्याचा आवाज प्रथम ऐकताना जे जाणवते, त्यातले किती त्या वाद्याचे असते आणि किती तारा, जुळणी, केबल, ॲम्प व आपला कान यांचे असते, हे मला समजून घ्यायचे आहे. म्हणून आधी माझी निरीक्षणे मांडतो आणि मग प्रश्न विचारतो.

ॲम्पला न जोडता वाजवली तेव्हा सर्वांत आधी जाणवले ते स्वराचे टिकणे. ॲकूस्टिक गिटारमध्ये तारेची ऊर्जा पातळ लाकडी पृष्ठभागातून भराभर हवेत जाते, म्हणून तिथे आवाज मोठा असतो आणि स्वर लवकर विरतो. इथे भरीव बॉडी तारेकडून फारसे काही काढून घेत नाही, त्यामुळे आवाज जेमतेम ऐकू येतो, पण स्वर बराच वेळ रेंगाळतो. नेकमागच्या तळहाताला आणि बरगडीला टेकलेल्या बॉडीतून कंप स्पष्ट जाणवतो. या कंपाचा ॲम्पमधून येणाऱ्या आवाजाशी किती संबंध आहे याविषयी मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. वाजवणाऱ्याला तो हवाहवासा वाटतो, हे मात्र मी स्वतः अनुभवले.

ॲम्पला जोडल्यावर नेकजवळच्या पिकअपने मला लगेच आपलेसे केले. त्याच्या स्वराचा आरंभ टणक आहे आणि मागून येणारा भाग गोल आहे. हलक्या हाताने छेडले तर तो मऊ राहतो आणि जोर लावला की त्याच्यात किंचित खरखरीत कड येते, म्हणजे उजव्या हाताला काय म्हणायचे आहे ते तो ऐकतो. ॲकूस्टिकवरून येणाऱ्या माणसाला ही गोष्ट अनपेक्षित आहे, कारण विजेचे वाद्य हाताच्या बारकाव्यांना उदासीन असेल अशी माझी समजूत होती.

स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन शेजारचे पिकअप एकत्र लागतात आणि मधल्या पट्टीतला आवाज पोखरल्यासारखा होतो. त्या पोकळीमुळे कॉर्डमधले (एकत्र वाजणारे) स्वर वेगवेगळे ऐकू येतात आणि एकेक स्वर पाण्यातून आल्यासारखा चमकतो. १९५४ साली मूळ स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हा तिला तीन जागांचाच स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून हा आवाज काढत असत, आणि पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ साली दिला. डायर स्ट्रेट्स बँडचे गिटारवादक मार्क नॉफ्लर यांच्या वादनातून ज्यांनी हा टोन ऐकला आहे, त्यांना मी कशाविषयी बोलतो आहे ते लगेच कळेल.

आता अडचणींकडे वळतो. ब्रिजजवळचा पिकअप मला फार बोचरा वाटतो. गेन (ॲम्पमधली सिग्नलची वाढ) वाढवून वाजवले की तो शोभतो, पण स्वच्छ आवाजात पहिल्या दोन तारा कानाला टोचतात, आणि त्या पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसल्याने तो सौम्य करण्याची सोय गिटारवर नाही. दुसरी अडचण जाड तारांची आहे. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे गेलो की स्वर डुगडुगतो. एकच तार वाजत असूनही दोन जवळजवळचे स्वर एकत्र वाजत असल्यासारखा घोळ ऐकू येतो आणि ट्यूनरचा काटा स्थिर होत नाही. तिसरी गोष्ट अशी की व्हॉल्यूम नॉब थोडा जरी कमी केला तरी आवाज लहान होण्याबरोबर मंदही होतो, जणू वरचा पट्टा कोणी झाकून टाकला आहे. शेवटची अडचण बेंडची. तिसरी तार ओढून स्वर चढवताना सोबत दुसरी तार धरली असेल तर ती उतरते.

ही सारी या वाद्याची वैशिष्ट्ये मानून स्वीकारायची, की यांतले काही दुरुस्त होण्यासारखे आहे? पिकअप बदलावेत का, हा प्रश्न मनात येतो आहे, पण घाई करण्याची इच्छा नाही.

*

सहावी तार

अभिनंदन. आपण निरीक्षणे इतकी काळजीपूर्वक लिहिली आहेत की निम्मे निदान त्यांतच झाले आहे. पिकअप बदलण्याचा विचार सध्या पूर्णपणे बाजूला ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारखान्यातून निघालेली गिटार साठवणुकीत आणि दुकानात बराच काळ राहिलेली असते. तिच्यावरच्या तारा त्या काळात जुन्या झालेल्या असतात आणि हवेतील दमटपणा बदलल्याने नेकही थोडा हललेला असतो. अशा स्थितीतल्या वाद्याच्या टोनवर निर्णय देणे त्या वाद्यावर अन्याय करणारे आहे.

आधी दोन गोष्टी सांगा. तारा कोणत्या जाडीच्या आहेत? आणि प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता तिच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकाच्या माथ्यापर्यंत किती अंतर भरते? स्टीलची बारीक पट्टी घेऊन मिलिमीटरमध्ये मोजा. सहाव्या तारेच्या डुगडुगण्याचे कारण त्या आकड्यात सापडेल असा माझा अंदाज आहे.

*

तारसप्तक

माझे मत थोडे वेगळे आहे. ब्रिजचा सिंगल कॉइल पिकअप अनेकांना बोचतो, आणि तिथे हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) बसवणे हा वादकांनी दीर्घकाळ वापरलेला, सिद्ध झालेला उपाय आहे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून जो त्या कंपनीच्या गिटारींवर दिसू लागला, तो पिकअप मुळात सिंगल कॉइलमधून येणारी विजेची गुणगुण घालवण्यासाठी केलेला असला, तरी त्याचा जाड, मऊ आवाज हीच पुढे त्याची ओळख ठरली. मी माझ्या गिटारवर हा बदल केला असून मला तो मनापासून आवडतो. नेकवर सिंगल कॉइल आणि ब्रिजवर हंबकर असे एकच वाद्य दोन्ही प्रकारच्या संगीताला उपयोगी पडते.

लाकडाविषयी आपण ओझरता उल्लेख केला आहे. माझ्या कानाला ॲश आणि आल्डर या लाकडांच्या बॉडींमध्ये फरक जाणवतो. ॲशच्या गिटारीत वरचे स्वर अधिक लखलखीत वाटतात. न जोडता वाजवताना जी गिटार जिवंत वाटते ती ॲम्पमधूनही जिवंत वाटते, असा माझा अनुभव आहे.

*

अनुनाद

धागालेखकाच्या दोन अडचणींच्या मुळाशी पिकअपचे विद्युतशास्त्र आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढ्यांचे वेटोळे. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो आपल्या माथ्यावरच्या तारेच्या तेवढ्याच तुकड्याची हालचाल टिपतो. नेकजवळचा पिकअप ब्रिजपासून सुमारे १६ सेंटीमीटरवर, म्हणजे मोकळ्या तारेच्या एक चतुर्थांश लांबीवर असतो. तिथे तारेचा मूळ स्वर जोमाने हलतो. चौथ्या उपस्वराची (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांपैकी एकाची) स्थिर गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, मात्र नेमकी तिथेच पडत असल्याने तो उपस्वर मोकळ्या तारेवर जवळजवळ ऐकूच येत नाही. नेकच्या पिकअपचा गोलपणा मुख्यतः यातून येतो. ब्रिजचा पिकअप ब्रिजपासून अवघ्या चार-पाच सेंटीमीटरवर असतो. त्या टोकाशी मूळ स्वराची हालचाल फार लहान असते आणि वरच्या उपस्वरांचे प्रमाण वाढते. दोन्ही जागी एकच पिकअप बसवला तरी आवाज एवढाच वेगळा येईल. दुसऱ्या व चौथ्या जागेवरच्या पोकळपणाचे कारणही हेच आहे : दोन ठिकाणी टिपलेली हालचाल एकत्र करताना काही उपस्वर एकमेकांना खोडतात.

ब्रिजचा पिकअप तिरका बसवलेला असतो हेही पाहा. बारीक तारांच्या बाजूला तो ब्रिजच्या आणखी जवळ सरकतो, आणि आपल्याला ज्या दोन तारा टोचतात त्या नेमक्या याच आहेत. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स डाव्या हाताने वाजवत आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून तिच्यावर तारा आपल्या क्रमाने लावत. त्यामुळे त्यांच्या वाद्यात हा तिरकेपणा उलटा झाला होता, जाड तारा ब्रिजजवळ टिपल्या जाऊन घट्ट आणि बारीक तारा किंचित लांब टिपल्या जाऊन सौम्य होत असत.

आता केबलविषयी. वेटोळ्याला इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असतो, केबलला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतो आणि या दोहोंच्या मेळातून एका विशिष्ट कंपनसंख्येवर अनुनाद तयार होतो. त्या ठिकाणी आवाज उंचावतो आणि त्याच्या पुढे झपाट्याने खाली येतो. सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री आणि साध्या केबलचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरला, आणि वेटोळ्याचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स मिळवला, तर ३ मीटर केबलवर हा अनुनाद ५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. तीच केबल ६ मीटरची केली की तो ३.९ किलोहर्ट्झच्या जवळ उतरतो. हा फरक कोणत्याही कानाला ऐकू येण्याइतका मोठा आहे. केबल लांब केली किंवा आखूड केली की प्रत्यक्षात आपण पिकअपचा टोन बदलत असतो. वायरलेस यंत्रणा लावल्यावर गिटार एकदम उजळ का वाटते याचेही उत्तर यातच आहे, कारण तिथे पिकअपवर लांब केबलचा भार उरत नाही.

व्हॉल्यूम नॉब कमी केल्यावर येणारा मंदपणा हा दोष नव्हे. नॉब पूर्ण उघडा असताना पिकअप थेट केबलला जोडलेला असतो. तो मागे घेतला की मधे रोध येतो, आणि तो रोध व केबलचा कपॅसिटन्स मिळून वरच्या कंपनसंख्या गाळतात. यावर उपाय म्हणजे नॉबच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांमध्ये सुमारे १ नॅनोफॅरडचा, म्हणजे लहानसा, कपॅसिटर बसवणे; सोबत एक रोधक जोडला तर परिणाम अधिक संतुलित राहतो. मात्र हा बदल करण्याआधी थोडे थांबावे, कारण गेन चढवलेल्या ॲम्पवर व्हॉल्यूम मागे घेऊन तो मऊ, झाकलेला आवाज मुद्दाम वापरणारे वादक पुष्कळ आहेत.

हंबकरविषयी एवढेच सांगतो की त्याचा इंडक्टन्स जास्त, साधारण ४ ते ४.५ हेन्री असतो. त्यामुळे त्याचा अनुनाद खाली येतो, आणि दोन वेटोळी तारेच्या दोन जागांवरून टिपत असल्याने वरच्या उपस्वरांत आणखी वजाबाकी होते. टोचणी कमी होते हे तारसप्तक यांचे म्हणणे म्हणून बरोबरच आहे. पण त्याच्यासोबत, जिथे ब्रिजचा आणि मधला पिकअप एकत्र लागतात त्या दुसऱ्या जागेचा तो चमकणारा आवाजही बदलतो, जो धागालेखकाला विशेष आवडला आहे. शिवाय सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे आणि हंबकरला ५०० किलोओहमचे नॉब वापरण्याची पद्धत आहे. एकाच गिटारीवर दोन्ही प्रकार ठेवले की तिथे तडजोड करावी लागते.

*

मंद्र

पिकअपचे शास्त्र वर उत्तम आले आहे. मला ॲम्प आणि कान यांविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते बोचरेपणाचा मोठा वाटा तिथे आहे.

गिटारच्या स्पीकरमधून वरच्या कंपनसंख्या टॉर्चच्या झोतासारख्या सरळ पुढे जातात, बाजूला फारशा पसरत नाहीत. ॲम्प जमिनीवर आणि वादक उभा असेल तर झोत गुडघ्यांवर पडतो, कानाला आवाज मंद वाटतो, म्हणून वादक ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या श्रोत्याला तो आवाज असह्य होतो. याच्या उलट आपण स्पीकरच्या नेमके समोर बसून सराव करत असाल तर ब्रिजचा पिकअप प्रत्यक्षाहून अधिक टोचेल. ॲम्पची जागा आणि उंची बदलून, तिरके बसून तोच स्वर ऐका आणि मग ठरवा.

दुसरा भाग आवाजाच्या पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ही तफावत कमी होत जाते. आपला कान सर्वांत संवेदनशील असतो तो ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सिंगल कॉइलचा अनुनाद जिथे उंचावतो त्याच परिसरात. घरात रात्री हळू आवाजात वाजवणाऱ्याला म्हणून नेहमी खर्ज अपुरा आणि वरचा पट्टा कडक वाटणार. हळू आवाजात बेस भरपूर वाढवून जुळवलेला टोन मोठ्या आवाजात चिखल होतो, हे ज्याने तालमीत इतरांबरोबर वाजवले आहे त्याला सांगायला नको.

हेडफोनवर सराव करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट नोंदवतो. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढचा आवाज जवळजवळ अडवतो. गेन चढवलेला आवाज स्पीकरच्या त्या गाळणीशिवाय थेट हेडफोनमध्ये घेतला तर कोणतीही गिटार कर्कश वाटेल. तिथे कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची) नक्कल करणारी सोय चालू ठेवणे आवश्यक आहे.

लाकडाच्या बाबतीत मी तारसप्तक यांच्याशी सहमत नाही. रिकनबॅकरचे १९३२ साली बाजारात आलेले इलेक्ट्रिक वाद्य ओतीव ॲल्युमिनियमचे होते, आणि गिटारवादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास चौकोनी लाकडी ओंडक्यावर पिकअप लावून केलेले वाद्यही उत्तम वाजत असे. तारेच्या टिकण्यावर बॉडी आणि नेकच्या ताठपणाचा परिणाम होतो हे मला मान्य आहे. पण ज्या फरकांना आपण लाकडाचे नाव देतो, त्यांतले बहुतेक पिकअपची उंची, तारांचे वय आणि नटची (नेकच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची) खाच यांचे असतात. दोन गिटारींची तुलना करायची तर आधी या तीन गोष्टी दोन्हींवर सारख्या कराव्या लागतील, आणि तसे कोणी क्वचितच करते.

*

तारसप्तक

मंद्र यांचा तुलनेविषयीचा मुद्दा रास्त आहे आणि माझ्या ऐकण्यात या तीन गोष्टी सारख्या केलेल्या नव्हत्या. तरीही वाद्य निवडताना मी न जोडता वाजवून पाहण्याचा आग्रह सोडणार नाही, कारण नटची चुकीची खाच, सैल खुंटी किंवा फ्रेटवर घासणारी तार हे सारे ॲम्पच्या आवाजात लपते आणि नुसत्या वाद्यावर लगेच उघडे पडते.

*

खर्ज (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहावी तार यांनी विचारलेली मापे घेतली. तारा ९ ते ४२ (इंचाच्या हजाराव्या भागांत) जाडीच्या आहेत. शेवटच्या फ्रेटवर दाबून पाहिले असता नेकच्या पिकअपपासून सहाव्या तारेचे अंतर १ मिलिमीटर आणि पहिल्या तारेचे त्याहून थोडे कमी भरले. ब्रिजच्या पिकअपचे दोन्ही बाजूंना सुमारे १.५ मिलिमीटर आहे. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची २ मिलिमीटरच्या जवळ आहे.

*

सहावी तार

अपेक्षा होती तेच निघाले. सिंगल कॉइलमध्ये प्रत्येक तारेखाली चुंबकाची कांडी असते आणि ती पोलादी तारेला स्वतःकडे ओढते. तार वर-खाली आणि आडवी अशा दोन्ही दिशांनी कंप पावते. चुंबक फार जवळ आला की एका दिशेच्या कंपनाची गती किंचित बदलते, आणि दोन्ही दिशांचे स्वर एकमेकांशी न जुळल्याने आपण ऐकता तो डुगडुगता घोळ निर्माण होतो. सहावी तार जाड असल्याने तिच्यावर ओढ सर्वाधिक पडते. वरच्या फ्रेटवर वाजवताना कंप पावणारा भाग आखूड होतो आणि त्याच्या तुलनेत चुंबकाचा प्रभाव वाढतो. हा प्रकार नेकच्या पिकअपमुळे होतो, कारण तिथे तारेची हालचाल मोठी असते आणि ती मध्याच्या अधिक जवळ असते. स्विच ब्रिजवर असला तरी नेकचा चुंबक आपले काम करतच राहतो, म्हणून स्विच फिरवून ही अडचण जात नाही आणि अनेकांना कारणच उमगत नाही.

शेवटच्या फ्रेटवर दाबून सहाव्या तारेखाली २.४ आणि पहिल्या तारेखाली २ मिलिमीटर हे जुन्या पद्धतीच्या पिकअपसाठी सुरुवातीचे चांगले अंतर आहे. थोड्या नव्या पद्धतीच्या पिकअपसाठी २ आणि १.६ मिलिमीटर धरतात. नेकचा पिकअप त्यानुसार खाली घ्या. त्याचा आवाज थोडा कमी होईल, पण तो मोकळा आणि अधिक स्पष्ट होईल. ब्रिजचा पिकअप पहिल्या तारेच्या बाजूला थोडा खाली घेतला तर टोचणी कमी होईल आणि सहाव्या तारेच्या बाजूला तसाच ठेवला तर भारदस्तपणा टिकेल. अर्धा फेरा फिरवायचा, वाजवायचे, ऐकायचे आणि मगच पुढचा अर्धा फेरा, अशा धीराने हे काम करावे.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नव्या तारा लावा आणि त्या हाताने ओढून ताणून घ्या. मग नेकचा बाक पाहा : पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली की सातव्या-आठव्या फ्रेटजवळ सुमारे ०.२५ मिलिमीटर फट असावी. त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटर हे सर्वसाधारण माप आहे. त्यानंतर पिकअपची उंची आणि सगळ्यांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे तार प्रत्येक फ्रेटवर सुरात वाजेल अशी जुळणी. चुंबकाची ओढ असताना इंटोनेशन जुळवायला बसलात तर सहाव्या तारेचे ते कधीच जुळणार नाही.

बेंडच्या वेळी दुसरी तार उतरते ते हलत्या ब्रिजमुळे. एक तार ओढली की एकूण ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा सैल पडतात. मागच्या स्प्रिंगांची पट्टी आवळून ब्रिज बॉडीला टेकवला तर हे थांबेल, मात्र मग ब्रिजला जोडलेल्या, हाताने हलवायच्या दांड्याने स्वर फक्त उतरवता येईल, चढवता येणार नाही. दांडा आपण किती वापरता यावर निर्णय घ्या.

तारांच्या जाडीविषयी थोडे सांगतो. ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे १० ऐवजी ९ची पहिली तार लावली की तिचा ताण जवळजवळ १९ टक्क्यांनी कमी होतो. मींडेसारखे लांब बेंड घेण्यास ते सोयीचे आहे. ॲकूस्टिकवरून आलेला हात सवयीने जोरात दाबतो आणि बारीक तार तेवढ्याने चढी वाजते. आपल्या कॉर्ड बेसूर वाटत असतील तर १०ची जोडी लावून पाहावी, पण तेव्हा स्प्रिंगा आणि नेक यांची जुळणी पुन्हा करावी लागेल.

*

पहिला धडा

मीही नवीन आहे, म्हणून याच धाग्यात विचारतो. माझ्या सिंगल कॉइल गिटारीतून सतत गुणगुण ऐकू येते. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर नेला की ती नाहीशी होते, आणि तारांना हात लावला की कमी होते. गिटारीत दोष आहे का?

*

अनुनाद

आपण लिहिलेली लक्षणे निरोगी गिटारीची आहेत. सिंगल कॉइलचे वेटोळे घरातल्या वीजवाहक तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. ती गुणगुण देशागणिक ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. आजच्या बहुतेक गिटारींत मधला पिकअप उलट्या दिशेने गुंडाळलेला आणि उलट्या ध्रुवाचा असतो, त्यामुळे दोन पिकअप एकत्र लागले की तारेचा आवाज मिळवला जातो आणि गुणगुण वजा होते. तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात, म्हणून त्यांना स्पर्श केल्यावर शरीराने गोळा केलेला विजेचा गोंगाट कमी होतो. ॲम्पपासून दूर बसणे आणि गिटारीची दिशा बदलून गुणगुण सर्वांत कमी असलेली जागा शोधणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दिव्याचा डिमर त्याच खोलीत असेल तर तो बंद करून पाहा.

मात्र एक सूचना गांभीर्याने घ्यावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर गिटार ताबडतोब बाजूला ठेवून ॲम्पचे आणि घरातल्या प्लगचे अर्थिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. त्या स्थितीत, विशेषतः मायक्रोफोनजवळ, वाजवू नये.

*

खर्ज (धागालेखक)

सांगितलेल्या क्रमाने काम केले आणि आता सविस्तर लिहितो. नव्या तारा त्याच जाडीच्या लावल्या. नेकचा बाक ठीक होता, त्याला हात लावावा लागला नाही. तारांची उंची १.६ मिलिमीटरवर आणली. नेकचा पिकअप २.४ आणि २ मिलिमीटरवर घेतल्यावर सहाव्या तारेचा घोळ पूर्णपणे गेला, ट्यूनरचा काटा स्थिर झाला आणि मग इंटोनेशन पहिल्याच बैठकीत जुळले. आवाजाची पातळी थोडी उतरली हे खरे आहे, पण कॉर्डमधल्या प्रत्येक तारेला आता स्वतःची जागा मिळाली आहे, आणि हलक्या छेडीपासून जोरकस छेडीपर्यंतचा पल्ला मला पूर्वीपेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्या व चौथ्या जागेचा टोन अधिक सुंदर झाला, हे मी मुळीच अपेक्षिले नव्हते. दोन्ही पिकअपच्या पातळ्या एकमेकांच्या जवळ आल्याने खोडाखोड अधिक नेमकी होत असावी, असा माझा अंदाज आहे.

मंद्र यांच्या सल्ल्याप्रमाणे ॲम्प स्टुलावर ठेवला आणि त्याच्या सरळ रेषेतून बाजूला बसलो. ब्रिजच्या पिकअपची टोचणी बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. उरलेल्या भागासाठी मी गिटारीच्या आत एक लहान जोडणी केली. या पद्धतीच्या जुन्या वायरिंगमध्ये एक टोन नॉब नेकच्या आणि दुसरा मधल्या पिकअपला असतो. स्विचच्या मागे एक छोटी वायर झाळून मधल्या पिकअपचा नॉब ब्रिजलाही लागू केला. आता तो नॉब थोडासाच मागे घेतला की स्वच्छ आवाजातही पहिली तार सुसह्य होते आणि पूर्ण उघडला की मूळची धार जशीच्या तशी मिळते. हंबकरचा विचार त्यामुळे सोडून दिला आहे. दुसऱ्या जागेचा टोन मला त्याहून प्रिय आहे.

व्हॉल्यूम नॉबच्या मंदपणाला मी सध्या हात लावलेला नाही. ६ मीटरच्या केबलऐवजी ३ मीटरची घेतली आणि तो मंदपणा मला चालेल इतका कमी झाला. गेन चढवून व्हॉल्यूम मागे घेतल्यावर येणारा आवाजही आवडू लागला आहे. दांडा फारसा वापरत नसल्याने ब्रिज बॉडीला टेकवला आहे आणि दोन तारांचे बेंड आता सुरात येतात.

*

सहावी तार

फार छान. ही सगळी मापे तारीख घालून लिहून ठेवा. ऋतू पालटला की नेक थोडा हलतो आणि तारांची उंची बदलते, तेव्हा नेमके काय हलले ते या नोंदींवरून लगेच कळते. १०ची जोडी लावायची ठरली तर स्प्रिंगांची पट्टी तारा चढवण्याआधीच थोडी आवळा.